हेमलताबाईंचा आवाज

हेमलता भोईटे नगरसेविका झाली ती हौसेनं नव्हे. दिल्लीची हद्द ओलांडली की सुखरामपूर लागतं. तिथं गव्हाच्या शेतांत प्लॉट पडले, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांनी तिथं घरं बांधली, आणि त्याच सुमारास नगरपालिकांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा आला. कॉलनीचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. बाकीच्या घरांतून कुणी तयार होईना. हेमलता पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडायची, तेवढ्या गुणावर सगळ्यांनी तिला उभं केलं. तिचा नवरा जयदीप दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला होता. तो हसून म्हणाला, "लढ की. हरलीस तरी टँकरवाला घाबरेल."

ती निवडून आली.

सभागृहात तिच्याशिवाय दोन बायका होत्या. एक कधी यायचीच नाही. दुसरी फूलवती, जुन्या गावातली. हनुवटीपर्यंत पदर ओढून बसायची, आणि तिच्या खुर्चीमागं तिचा नवरा खुर्ची टाकून बसायचा. तिचं नाव पुकारलं की तोच "हाजिर" म्हणायचा.

कॉलनीच्या मागं झाडांचा एक पट्टा होता. तिथं मुलं खेळत, म्हातारे फिरत. त्यावर दुकानं काढायची असा विषय पहिल्याच वर्षी आला. हेमलता उभी राहून "मेरा विरोध है" म्हणाली, दोनदा म्हणाली. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं गेलं, तर त्यात 'सर्वसम्मति से विचाराधीन'. विरोध कुठंच नाही.

"अहो, मी ओरडून बोलले होते," ती घरी येऊन म्हणाली.

"लिहिणारा त्यांचा, कागद त्यांचा," जयदीप म्हणाला. "तुझं ओरडणं कोण लिहिणार?"

मग तिनं ठरवलं की सभेत टेपरेकॉर्डर हवा. जे बोललं जाईल ते जसंच्या तसं राहील, आणि कुणाही नागरिकाला ऐकता येईल. शेजारची उत्तरा जोशी शाळेत शिकवायची. तिनं घरोघर फिरून सह्या जमवल्या. हेमलताला वाटलं होतं, अध्यक्ष रामफल चौधरी आकाशपाताळ एक करतील. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बिल्कुल, बहनजी. हमें क्या छुपाना है?" ठराव हसतखेळत पास झाला. मशीन अध्यक्षांच्या टेबलावर, त्यांच्या देखरेखीखाली राहील, एवढी एक ओळ त्यांनी त्यात घातली. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही.

कॉलनीनं पेढे वाटले.

त्यानंतर सभा बदलल्या. कुणी भांडेना, कुणी आवाज चढवेना. सभेआधी अध्यक्षांच्या खोलीत चहा व्हायचा, दार लोटलेलं असायचं, आणि जे बोलायचं ते तिथं बोलून व्हायचं. सभागृहात मशीनसमोर फक्त "पास, पास" एवढं उरलं. हेमलता चहाला गेली नाही तर काही कळायचं नाही. गेली तर तिथलं बोलणं टेपवर नसायचं. एकदा तिनं सभेत हरकत घेतली, तेव्हा अध्यक्ष मशीनकडे तोंड करून फार गोड आवाजात म्हणाले, "बहनजी, इस पर तो आप से विस्तार में बात हो चुकी है।" ती नाही म्हणू शकली नाही, कारण बात खरंच झाली होती. काय झाली होती ते मात्र कुणी ऐकणार नव्हतं.

आणि मग त्या झाडांच्या पट्ट्याचा विषय पुन्हा आला. अध्यक्ष म्हणाले, "यह तो बहनजी की कॉलनी का काम है. वही पढ़ें, वही प्रस्ताव रखें।" तिनं कागद घेतला आणि वाचला. हरित पट्टीचं सौंदर्यीकरण, कुंपण, फिरायला वाट, 'एवं आनुषंगिक उपयोग'. ती त्या शब्दापाशी क्षणभर थबकली. पण अनुषंग हा शब्द आपल्या मराठीतलाच. त्या अनुषंगानं जे काय लागेल ते, बाक, झोपाळे, असं तिनं मनाशी धरलं. वर्षभर भांडल्यावर काहीतरी पदरात पडत होतं. "मैं यह प्रस्ताव रखती हूँ," ती स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली. सगळ्यांनी बाकं वाजवली.

घरी तिनं जयदीपला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"आनुषंगिक? आमच्या ऑफिसच्या हिंदी परिपत्रकांत असतो तो. इन्सिडेंटल. हेमा, त्यात काहीही बसतं."

"काहीही म्हणजे?"

तो उठून हात धुवायला गेला.

काहीही म्हणजे काय ते होळीनंतर कळलं. झाडांवर कुऱ्हाडी पडल्या आणि दुकानांचा पाया खणायला यंत्र आलं. कॉलनीची माणसं हेमलताला पुढं घालून नगरपालिकेवर गेली. अध्यक्ष बाहेर आले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि म्हणाले, आपणच मागितली होती ना पारदर्शकता? ऐका. त्यांनी टेप लावली. लाउडस्पीकरमधून आवाज आला, हेमलताचा, मराठी वळणाची हिंदी, अगदी स्वच्छ: "मैं यह प्रस्ताव रखती हूँ।" मागून बाकं वाजली.

माणसं तिच्याकडं बघायला लागली. तिला सांगायचं होतं की मला शब्द कळला नाही. पण ते सांगितलं तर, मग वाचलात कशाला? आणि कळला म्हटलं तर, किती घेतलेत? दोन्ही बाजूंनी भिंत. ती तोंड उघडून उभी राहिली, आणि तिचाच आवाज स्पीकरमधून पुन्हा एकदा आला, कारण मागं उभ्या कुणीतरी "फिर से बजाओ" म्हटलं होतं.

परतताना कुणी तिच्याबरोबर चाललं नाही. उत्तरा फाटकापाशी थांबली होती. तिनं नुसता हात धरला.

"राजीनामा देते," हेमलता रात्री म्हणाली.

"दे. मग पोटनिवडणुकीत चौधरींची भावजय येईल," जयदीप म्हणाला.

"मग घर विकू. परत जाऊ."

"कुठं? क्वार्टर सोडलंय आपण. यार, हेमा, आपण इथलेच आता."

ती पुढच्या सभेला गेली. चहाला गेली नाही. सभा सुरू होताच उभी राहिली आणि म्हणाली, "अध्यक्षजी, आनुषंगिक का मतलब क्या है, यह सभा को बताइए।"

अध्यक्षांनी हात लांब करून बटण दाबलं. खट्ट. "बोलिए, बहनजी."

ती बोलत राहिली. बंद मशीनसमोर, रिकाम्या खोलीत बोलावं तसं. कुणी आळस दिला, कुणी पेपर उलगडला. तिचा आवाज चिरकायला लागला. तेवढ्यात पदराआडून कुणीतरी म्हणालं, "मसीन बंद सै।"

फूलवती होती. आतापर्यंत तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. नवऱ्यानं मागून तिच्या खांद्यावर बोटं रोवली. तरी ती पुन्हा म्हणाली, "बंद सै मसीन। चालू करो।"

दारापाशी चार-पाच नागरिक उभे होते, ते बघत होते. अध्यक्षांनी मशीन चालू केलं. हेमलतानं पुन्हा विचारलं. आणि त्यांना मशीनसमोर सांगावं लागलं, "मतलब… दुकानें।"

त्यानं काही थांबलं नाही. त्या टेपची प्रत हेमलतानं मागितली. अर्ज विचाराधीन राहिला. दिवाळीपर्यंत दुकानं उभी राहिली. एसटीडी बूथ आला, दूधवाला आला. ज्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, तेही तिथूनच दूध घेऊ लागले. तीही घेऊ लागली. दुसरीकडं जवळ दूध नव्हतं.

फूलवती त्यानंतर सभेला आली नाही. तिचा नवरा यायचा, आता मागच्या खुर्चीत नव्हे, तिच्याच खुर्चीत बसायचा आणि "हाजिर" म्हणायचा. हेमलता एकदा जुन्या गावात तिच्या घरी गेली. अंगणात खाट टाकली गेली, आतून ताकाचा पेला बाहेर आला. फूलवती आली नाही. दाराच्या फटीत पदराचं लाल टोक दिसत होतं. हेमलता ताक पिऊन संपेपर्यंत ते तिथून हललं नाही.

तेव्हापासून हजेरी झाली की हेमलता उभी राहायची आणि मशीनकडं बघून म्हणायची, "फूलवतीजी आज सभा में नहीं हैं। उनकी जगह उनके पति बैठे हैं।"

"बहनजी, हर बार?" अध्यक्ष कंटाळून विचारायचे.

"हर बार," ती म्हणायची, आणि खाली बसायची.