गुलामांचा गेम आणि नकोशीचं नाव

आमच्या शेजारच्या तात्याबांना तीन मुलींवर चौथी झाली, तिचं नाव त्यांनी नकोशी ठेवलं. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. तिच्या पाठीवर खरंच शंभूराज झाला आणि सगळं श्रेय त्या नावाला गेलं. मला अजून त्याचा राग येतो.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मी आणि नकोशी अंथुर्ण्याहून एसटीने बारामतीला कॉम्प्युटर क्लासला जायचो. पुढच्या वर्षी दहावी. बोर्डाच्या दाखल्यावर जे नाव चढेल ते जन्माला चिकटणार, म्हणून नकोशीची घाई चाललेली. वाटेत ती नवी नावं लावून बघायची. राजनंदिनीवर तर तिचा भारी जीव! पण घरी विषय काढला की तात्याबा म्हणायचे, "नाव बदललं आन् पोराला काय झालं तर?" मग ती विषय सोडून द्यायची. शंभूवर तिचाही जीव होताच की.

क्लासमध्ये देवळात जातात तसं चपला बाहेर काढून आत जायचं. टायपिंग झालं की नागेश सर एक गेम लावून द्यायचे. त्यात आपण अमेरिकेतला जुन्या काळचा गुलाम व्हायचं. मालकाच्या मळ्यात ऊस तोडायचा आणि संधी साधून उत्तरेला पळायचं. मालकाने ठेवलेल्या नावानेच खेळायचं. सुटलात, तर शेवटच्या पडद्यावर स्वतःचं नाव लिहायला मिळणार, असं सुरुवातीलाच सांगितलेलं. इंग्रजी आम्ही डिक्शनरी घेऊन वाचायचो. तो शेवटचा पडदा मात्र कुणीच पाहिला नव्हता.

आम्ही सगळे एकटे पळायचो आणि नदीपाशी पकडले जायचो. नकोशी तिथवरही पोचायची नाही, कारण ती एक म्हातारी आणि एक लेकुरवाळी बाई सोबत घ्यायची. म्हातारी मागे पडली की मालकाची कुत्री यायची.

"अगं, सोड की त्या म्हातारीला!" मी ओरडायचे.

"मागं ऱ्हायलेलं कोकरू सोडून जात्यात व्हय?" ती म्हणायची. मेंढरं विकून तात्याबा शेतीला लागले होते, पण घरातली ती सवय काही गेली नव्हती.

क्लासच्या शेवटच्या दिवशी बाजाराला आलेले तात्याबा आम्हाला न्यायला आले. पागोटं मांडीवर घेऊन लेकीच्या मागे बसले. मी त्यांना गेम समजावला. या माणसांना विकतात, मारतात, मालक वाटेल ते नाव ठेवतो. ते नुसतं "हं" म्हणाले.

म्हातारी पुन्हा मागे पडली तसे तात्याबा पुढे सरकले. "आगं, लंगडं मेंढरू म्होरं घालावं. बाकीची त्याच्या चालीनं चालत्यात. तू सोता मागं ऱ्हा."

पुढे कोण चालणार, हे गेममध्ये निवडता यायचं. नकोशी दरवेळी स्वतः पुढे चालायची आणि म्हातारी सगळ्यांच्या मागे. आता तिने म्हातारी पुढे घातली. सगळे हळूहळू चालले, पण एकत्र. नदी आली. "चला, चला बिगीबिगी!" तात्याबा उभेच राहिले. पलीकडचा काठ आला, आणि अख्खा क्लास टाळ्या पिटायला लागला.

मग तो पडदा उघडला. आता तुम्ही स्वतंत्र आहात. तुमचं नाव काय?

मला वाटलं, आता राजनंदिनी उमटणार. पण नकोशीची बोटं हलेनात. ती मागे बापाकडे वळली आणि म्हणाली, "आबा, काय टाकू?"

तात्याबा खाली बसले. पागोटं हातात फिरवत राहिले. लेकीकडे त्यांना बघवेना.

"शंभूला काय व्हनार न्हाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग पडद्याकडे बोट केलं. "ठमा टाक. माझ्या आयचं नाव हाय."

ठमा! एवढा खटाटोप करून मिळालं ते जुनंपुराणं ठमा! मला हसू आलं. पण तिने एकेक अक्षर शोधून ते नाव लिहिलं आणि फ्रॉकच्या बाहीला डोळे पुसले. शाळा उघडल्यावर नाव बदलून घ्यायला तात्याबा तिला घेऊन स्वतः हेडमास्तरांकडे गेले.

शंभूराज ठणठणीत आहे, दोन पोरांचा बाप झालाय. आणि ती फोन करते तेव्हा तिचा आवाज मी ओळखते हे तिला ठाऊक असतं, तरी दरवेळी आधी सांगते, "मी ठमा बोलतेय."