कोंबडीचं वर्ष

टॅम्सिन एकदाच म्हणाली होती, "कोंबडी किती गोड असते," आणि पोरीचं अख्खं वर्ष कोंबडीपायी गेलं.

तिच्या आईचं, हॅडलीचं, तत्त्वच तसं. मुलांना शाळेत डांबायचं नाही, त्यांच्या आवडीचा प्रकल्प करून घरीच शिकवायचं. मग गणित म्हणजे अंडी, भूगोल म्हणजे कोंबडी मूळची कुठली, आणि कविता खुराड्यापाशी बसून सुचेल ती. आमच्या पेनसिल्व्हेनियात अशा घरातलं पोर खरंच काही शिकलं का, हे वर्षाअखेरीस कुणा शिक्षकाने तपासून सही करावी लागते. सही अडली तर प्रकरण शिक्षण खात्याकडे जातं, आणि कधीकधी मूल शाळेत. मी निवृत्त शिक्षिका, हे काम करते.

हॅडलीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वीतभर जाड फाइल आदळली. मुखपृष्ठावर पिसं डकवलेली.

"व्हर्ना, सगळं तिच्या मनातून आलंय हं. मी नुसती मागे उभी असते."

मागे उभ्या असलेल्या बाईचं अक्षर पानोपानी दिसत होतं.

"टॅम्सिन, सात आठे किती?" मी विचारलं.

"एकोणसत्तर."

"बघा!" हॅडलीने टाळीच वाजवली. "चुकायला अजिबात घाबरत नाही."

"आपल्या राज्याची राजधानी?"

"पिट्सबर्ग."

"किती स्वतंत्र विचार!"

कौतुकाला काही धरबंधच नाही! मला मात्र शंका आली. न येणारं पोर जरा तरी अडखळतं. ही नऊ वर्षांची मुलगी फाडफाड चुकत होती.

हॅडली कोंबडी आणायला अंगणात गेली. तेवढ्यात टॅम्सिनने मांडीखालची वही माझ्यापुढे सरकवली.

"मिस व्हर्ना, मला नापास करा ना. प्लीज."

"का गं?"

"मग शाळेत घालतील. तिथे बाकावर शेजारी कुणीतरी असतं."

वहीत एकीकडे प्रश्न, मधे चुकीचं उत्तर, शेवटी बरोबर. बरोबर उत्तर तोंडातून निसटू नये म्हणून तिने महिनाभर मधला चुकीचा रकाना घोकला होता. त्या शेवटच्या रकान्यात एकही चूक नव्हती.

हॅडली काखेत कोंबडी घेऊन आली आणि वही बघून तिचे डोळेच भरून आले.

"हे तू आपणहून केलंस? व्हर्ना, वर्षातला सगळ्यात सुंदर प्रकल्प हा!" तिने फोटोही काढला.

"अगं, का केलं ते तरी विचार तिला."

"छे! मुलांच्या कामात आपण नाक खुपसायचं नसतं."

"तिला शाळेत जायचंय, हॅडली."

"शाळा? अगं राणी, आधी नाही का सांगायचं! ठरलं, पुढचा प्रकल्प शाळा. इथेच बाक बनवू आपण, करवत आहे घरात."

"दोघींचा?" टॅम्सिनने हळूच विचारलं.

"एकीचा पुरे की. तू एकटीच तर आहेस."

कागदावर प्रश्न एकच होता: मूल शिकतंय का? ती शिकत होती, वही समोरच होती. आणि 'नाही' लिहून या बाईशी भांडायची माझी छातीही झाली नाही. मी सही केली.

चाळीस वर्षं मी मुलांना निकाल सांगितले. पास झालीस म्हटल्यावर हमसून हमसून रडलेलं पोर हे पहिलंच.