टोंगळ्यावरचा आळ

मित्रांनो, मी गुडघा आहे, उजव्या पायाचा. पन्नाशी उलटली, तेव्हा मला जुना म्हणायला हरकत नाही. पुस्तकात माझे नाव गुडघा असले तरी आमच्या निलंग्याकडे मला टोंगळा म्हणतात. नाव जरा ओबडधोबड आहे खरे, पण मला तेच आवडते. त्या नावानेच मला एकदा वाचवले. ते कसे, हे सांगायला आज तोंड उघडले आहे. गुडघ्याला तोंड कुठले, असे मात्र विचारू नका.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. यशोधरा ऊर्फ यशी ही माझी मालकीण. तिची आई सरजाबाई पोटुशी असतानाही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसे आणि तिथे मिळणारी सुकडी, म्हणजे धान्याच्या पिठाची गोड भुकटी, खाई. त्या मूठभर सुकडीतूनच यशीची हाडे घडली. जन्मलो तेव्हा माझ्यापुढची वाटी हाडाची नव्हतीच, कानाच्या कडेसारखी लवचिक होती. सगळ्याच बाळांची तशी असते. यशी चालू लागली, पळू लागली, तसतशी वाटी टणक झाली.

शेजार मला चांगला लाभला. खाली नडगी आणि तिला चिकटून एक बारीक हाड. मागे पोटरीचा गुबगुबीत गोळा, त्याखाली घोटा, आणि सगळ्यांचा भार निमूट सोसणारी टाच. माझ्या वर मांडीचे हाड. अख्ख्या शरीरात तेच सगळ्यात लांब, म्हणून जरा ताठ्यात असते. त्याच्या वरच्या टोकाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतो. त्या सांध्याला खुबा म्हणतात. हा खुबा मांसाखाली दडून बसलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मात्र उघड्यावर. यशी पडली की सोलून निघायचे ते मीच. पण कौतुकही माझेच व्हायचे. लंगडी खेळताना यशी सगळ्या गल्लीला बाद करी, तेव्हा सरजाबाई म्हणे, "माझ्या लेकीच्या टोंगळ्यात सपरिंग हाय!"

यशी बारा वर्षांची झाली. लातूरचा वेगळा जिल्हा होऊन थोडाच काळ झाला होता आणि पाऊस पुन्हा रुसला होता. गावची विहीर आटली. पाण्यासाठी लांबच्या मळ्यात जावे लागे. यशीच्या डोक्यावर घागर असे आणि हातात कळशी. अशातच एके दिवशी मी दुखू लागलो. माझे मलाच कळेना. सूज नाही, जखम नाही, आणि ठणका मात्र माझ्यात! यशी लंगडू लागली. तिचे पाऊल बाहेरच्या अंगाला वळून पडू लागले.

सरजाबाईला वाटले, पोरगी कामचुकार झाली. "खेळाया टोंगळा चांगला, अन् पाण्याला जायचं म्हटलं की दुखतो व्हय गं?" असे म्हणून तिने यशीच्या पाठीत धपाटा घातला. यशीने खेळ केव्हाच सोडला होता, पण ते कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. रडत रडत तिने घागर उचलली. मला फार वाईट वाटले.

पुढे दुखणे खोटे नाही हे आईला पटले आणि माझ्यावर इलाज सुरू झाले. करडईचे तेल झाले, एरंडाची पाने बांधून झाली. बिब्बा लावल्यावर मी टरारून फुललो, पण गुण येईना. मग गावात औषधपाणी करणाऱ्या गुंडप्पांना विचारले. म्हातारे मायाळू होते, पण त्यांचा शेवटचा इलाज ठरलेला होता. "अमुशाला इळा तापवून डागू," ते म्हणाले. "नस मोकळी व्हईल." मी काहीच केले नव्हते आणि शिक्षा मलाच! यशी भीतीने मला सारखी दोन्ही हातांनी झाकून बसू लागली.

अमावस्येच्या आदल्या दिवशी निलंग्याला हाडांच्या दुखण्याचे शिबिर भरले. नव्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून आता डॉक्टर येऊ लागले होते. सरजाबाई यशीला एसटीने घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते, कोकणातून नुकतेच लातूरला आलेले.

"काय होतंय बाळा?"

"टोंगळा," यशी पुटपुटली.

"डोंगळा? कुठे चावला?"

त्यांच्याकडे मोठ्या काळ्या मुंगळ्याला डोंगळा म्हणतात. यशी गोंधळून आईकडे पाहू लागली. सरजाबाई म्हणाली, "लई दिसापासून हाय सायेब. लेकराला चालू देत न्हाई."

मुंगळ्याचा चावा इतके दिवस कसा राहील, असे म्हणत डॉक्टर हसले. तरी त्यांनी यशीला निजवले आणि चावा शोधू लागले. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तळवा, टाच, घोटा दाबला. "इथे?" "न्हाई." नडगीवरून हात वर आला. माझ्यावरचे बिब्ब्याचे फोड पाहून त्यांनी मला हलवले. यशी हूं की चूं करीना. मग मांडीची मागची बाजू पाहायला त्यांनी पाय पोटाकडे वाकवला, तर मी सरळ छातीकडे जायचे सोडून आपोआप बाहेर वळलो. त्यांनी पाय हलकेच आत वळवला मात्र, यशी किंचाळली.

डॉक्टरांचे हसू मावळले. "टोंगळा म्हणजे काय हो?"

"ह्यो की!" सरजाबाईने माझ्यावर बोट ठेवले.

"गुडघा होय! मावशी, तुमचा शब्द मला कळला असता तर मी गुडघाच बघत बसलो असतो. याचं काही बिघडलेलं नाही. दुखणं खुब्यात आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा जागेवरून घसरतोय. दोघांकडे जाणारी नस एकच, म्हणून खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. आता हा पाय जमिनीला टेकवू नका. आणखी घसरला तर पोर जन्माची अधू होईल."

सरजाबाईने यशीला तिथल्या तिथे पाठुंगळी घेतले. अमावस्या आली तेव्हा आम्ही सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात होतो. तिथे खिळा घालून तो गोळा जागच्या जागी पक्का केला.

शस्त्रक्रियेनंतर सरजाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. बिब्ब्याच्या खुणांवरून बोटे फिरवत ती मला म्हणाली, "तुझं कायबी न्हवतं रे, अन् तुलाच भाजलं."

यशी म्हणाली, "माय, मला बी मारलीस."

सरजाबाईने माझ्यावर तोंड टेकले आणि ती हुंदके देऊन रडू लागली. मी भिजून गेलो.

यशी पुन्हा चालू लागली. आजही ती चालते, जरा हळू, पण स्वतःच्या पायांनी.

मित्रांनो, हातपाय सांभाळा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच मागतो की कुणी लेकरू दुखते म्हणाले, तर आधी ते खरे माना. ते बोट ठेवते तिथे दोष असेलच असे नाही, पण दुखणे मात्र असतेच.