मधल्या किमतीचा रॉड

त्या वसंतात लायलने मासेमारीचा चौथा रॉड घ्यायचं काढलं, तेव्हा आधीचे तीन गॅरेजमध्ये उभे होते आणि त्यातल्या एकाचाही काही दोष नव्हता. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि गावात ज्याच्याकडे होडी आहे त्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी मी गाडीची चावी घेतली, कारण आता गाडी मीच चालवते.

वॉलआय हा मासा गळाला झोंबत नाही. आमिष तोंडात घेतो, चव बघतो, नको वाटलं तर थुंकून टाकतो. तेवढ्यात दोऱ्यातून वर एक टिचकी येते, ओल्या पुठ्ठ्यावर कुणी नखाने टक केल्यासारखी. ज्याला ती कळली त्याने मनगट उचलायचं. ज्याला नाही कळली त्याने रिकामा गळ गुंडाळत बसायचं. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या या गावात माणसाची किंमत त्या टिचकीवर ठरते. तो चर्चला येतो का, बायकोशी कसा वागतो, या चौकशा मागाहून.

लायलची किंमत मोठी होती. कागदाच्या गिरणीत तो गुंडाळीवर नुसता तळवा फिरवून कागद कुठे दमट राहिलाय ते सांगायचा. तळ्यावर तर त्याला टिचकीच्याही आधी कळायचं, असं रॉल्फ सांगत फिरे. रॉल्फ म्हणजे त्याचा होडीतला जोडीदार. लग्नात तो लायलच्या शेजारी उभा होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं मला झोपेत सोडून तळ्यावर गेले होते.

मग लायलच्या आतड्यात कॅन्सर निघाला. औषधाने तो जगला आणि त्याच औषधाने बोटं मेली. डॉक्टरीणबाई म्हणाली, वर्षभरात संवेदना परत येते, बऱ्याच जणांची येते. दुसरं वर्षही सरलं. शर्टाची बटणं मी लावते. गरम तव्याला हात लागला तर त्याला वासावरून कळतं.

आणि या सगळ्यावर गावाचं म्हणणं काय, तर काही नाही. आमच्याकडे वाईट ते तोंडाने बोलायचं नाही. कुणाचं घर जळालं तर म्हणतील, बरं झालं, वारा नव्हता. लायलला विचारतात, हात कसा आहे. तो म्हणतो, तितका काही वाईट नाही. ते मान हलवतात आणि बर्फाविषयी बोलायला लागतात. या सभ्यपणाचा मला वीट आलाय. दोन वर्षं सगळ्यांनी मिळून त्याला रॉड विकले, रॉड सुचवले, रॉड उसने दिले. एकानेही म्हटलं नाही की बाबा रे, रॉडचा काही संबंध नाही.

डुएनचं दुकान मासेमारीचा हंगाम उघडायच्या आठवड्यात गच्च असतं. मागच्या भिंतीला आमिषाच्या जिवंत माशांच्या टाक्या आहेत, त्यांचे पंप दिवसभर घरघरतात. डुएन आमच्याच वर्गातला. रॉडच्या फळीपाशी तो लायलला अगदी नव्या गिऱ्हाईकासारखं समजावत होता. पन्नास डॉलरचे इकडे, ते पोरांसाठी. चारशेचे तिकडे, ते शिकागोहून येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांसाठी. आणि मधले, शंभर-दीडशेचे, आपल्यासाठी.

लायलने तीन काढले. येताना गाडीत तो मला हेच सांगत आला होता, की स्वस्त रॉड बहिरा असतो, महागड्याचे निम्मे पैसे नावाचे असतात, आणि शहाण्या माणसाने मधल्यातला सर्वांत हलका शोधायचा. लांबी सात फुटांच्या आत, टोकाला चटकन वाकणारा, मूठ बुचाची, आणि रीळ बसते तिथे रॉडचं ग्रॅफाइट उघडं हवं, म्हणजे बोट थेट रॉडवर टेकतं. एकही शब्द चूक नव्हता. दुकानात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग आधी येत होता.

रॉड पारखायची आमची एक रीत आहे. घेणाऱ्याने मूठ धरून डोळे मिटायचे. दुसऱ्याने रॉडचं टोक आपल्या घशाच्या घाटीवर टेकवायचं आणि तोंड मिटून हळू गुणगुणायचं. रॉड चांगला असेल तर ते गुणगुणणं मुठीत उतरतं, बारीक मुंग्यांसारखं. डुएनने टोक स्वतःच्या घशाला लावलं होतं, तेवढ्यात कुणीतरी आमिषाचे मासे मागितले. त्याने टोक माझ्या हातात दिलं आणि जाळी घेऊन टाकीकडे गेला.

मी टोक घशाला लावलं. गुणगुणले. पंपांच्या घरघरीत माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

लायल म्हणाला, हां.

मी थांबले. पुन्हा केलं. तो पुन्हा म्हणाला, हां, छान येतंय. डोळे मिटलेले, कपाळावर आठी, चर्चमध्येही त्याचा चेहरा इतका मन लावलेला मी पाहिला नव्हता. मग मी गप्प बसले. त्याला खरंच काही जाणवतंय का, हे मला बघायचंच होतं. श्वाससुद्धा धरून ठेवला.

"हां," लायल म्हणाला. "हे बघ, आता तर स्पष्ट. हाच घेऊ."

"लायल, मी गप्प आहे."

"आत्ता ना. मघाशी म्हणतोय मी."

"तू स्पष्ट म्हणालास, तेव्हाही गप्पच होते."

डुएन टाकीपाशी होता, पण कान इकडेच. जाळी पाण्यातच ठेवून तो म्हणाला की पंपामुळे होतं असं, जमीन हादरते, मूठ भुलते. मी त्याला म्हटलं, "डुएन, तू खोटं बोलू नकोस. तुला येत नाही ते." आमिष घ्यायला आलेला माणूस बुटांकडे बघायला लागला. या गावात एवढं बोलणं म्हणजे भर दुकानात कपडे काढण्यासारखं.

लायलने डोळे उघडले नाहीत. "दुसरा दे," तो म्हणाला.

डुएनने दुसरा दिला, मग तिसरा. मी प्रत्येकाचं टोक घशाला लावलं आणि आता लपवाछपवी नाही, घसा दुखेपर्यंत गुणगुणले. लायल अंदाज बांधत राहिला. येतंय. नाही येत. येतंय बहुतेक. शेवटी डुएन दातांच्या डॉक्टरांच्या फळीवरचा एक घेऊन आला, न बोलता. त्याचं टोक घशाला लागल्यावर माझ्या स्वतःच्या दातांत कंप आला. लायल उभा होता. काहीच बोलला नाही.

मग त्याने डोळे उघडले, महागडा रॉड नीट फळीवर ठेवला आणि पहिला बांधून द्यायला सांगितलं. मधल्या किमतीचा बरा, म्हणाला. डुएन म्हणाला, चांगली निवड आहे.

परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, कुणीतरी कधीतरी खरं बोलायला नको का?

"बेव्ह, ते मला तुझ्या आधीपासून माहीत आहे," तो म्हणाला. "हात माझा आहे."

"मग हा कशाला घेतलास?"

"न घेता बाहेर पडलो असतो तर डुएनलाही कळलं असतं."

डुएनला कळलेलंच होतं. हे मी बोलले नाही. तेवढ्यापुरती मीही गावातलीच.

शनिवारी मासेमारी उघडली. रॉल्फच्या होडीत यंदा मीही बसले, कारण आमिषाचा मासा गळाला टोचणं लायलच्या बोटांना जमत नाही. वर ढग, वारा वायव्येचा, पाणी राखाडी. रॉल्फने होडी नेहमीच्या खडकाळ उंचवट्यावर आणली. लायल पुढच्या बाकावर, नवा रॉड हातात. गळ तळाला टेकवायचा, वीतभर उचलायचा, पुन्हा टेकवायचा. त्याचं मनगट अजून तसंच सुरेख हलतं.

गळ दरवेळी वर आला तो रिकामा. मी टोचायची, तो सोडायचा, खालून कुणीतरी खाऊन जायचं. सुरुवातीला रॉल्फने टोमणे मारले. "लेका, तू खाणावळ उघडलीयस. पाटी लाव, फुकट जेवण." लायल हसला. रॉल्फला एक मासा लागला, मग आणखी एक. पुढे रॉल्फने टोमणे मारणं सोडलं, तेव्हा मला कळलं की त्यालाही आता सोंग निभत नाहीये.

त्याने स्वतःचा रॉड आडवा ठेवला आणि लायलच्या रॉडच्या टोकाकडे बघत बसला. बऱ्याच वेळाने, ओठ न हलवल्यासारखा म्हणाला, "आता."

लायलने मनगट उचललं. रॉड वाकला. मासा लागला होता, आणि चांगला होता. रॉल्फने जाळीत घेतला. सोनेरी पाठ, काचेसारखे पांढरे डोळे. रॉल्फ म्हणाला, तव्यात बसायचा नाही, कापावा लागेल. तो फार मोठ्याने बोलत होता.

लायल म्हणाला, "तुझ्या पिंपात टाक. तुझा आहे."

"तुझ्या गळाला लागलाय, गाढवा."

लायलने त्यावर वाद घातला नाही. माशाकडे नाही, रॉल्फकडे बघत विचारलं, "कशी होती?"

"काय कशी होती?"

"टिचकी. एकदाच आली की दोनदा? जड होती की हलकी?"

रॉल्फने टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्याकडे बघितलं. 

"मला कसं कळेल," तो म्हणाला. "मूठ तुझ्या हातात होती. मी नुसतं टोक हललेलं बघितलं."

लायलने मान हलवली. मग गळ माझ्यापुढे धरला. मी आमिषाचा दुसरा मासा टोचला, त्याने गळ पाण्यात सोडला. वाऱ्याने होडी जरा सरकली, रॉल्फने मोटार लावून ती परत उंचवट्यावर घेतली.  रॉल्फची नजर पुन्हा त्या टोकावर.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आता."

लायलने ऐकलं. हात उचलला नाही.