तिरपा काप

आमचे हे, म्हणजे इमॅन्युएल, हट्टी आहेत. सगळी नोकरी द्राक्षाच्या नर्सरीत गेली, त्यामुळे झाडाबद्दल आपल्याला कुणी काही शिकवायचं नाही, असा त्यांचा बाणा. मला बोन्सायचा नाद. कोल्हारच्या आमच्या गच्चीवरच्या माझ्या कुंड्यांना ते ‘झाडांचा छळ’ म्हणतात, आणि मी नसताना पाणीही घालतात.

यंदा मिरजगावला माहेरचं कवठ रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. बाबांनी लावलेलं. बाबांच्या मागं माझी थोरली बहीण नॅन्सी तिथं एकटीच राहते, तिची दुपार त्याच झाडाखाली जायची. जेसीबीनं बुंधा उपटला त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही. मी तिला शब्द दिला, "अक्का, हेच झाड मी तुला कुंडीत देते." बियातून येतं ते झाडाचं लेकरू. मुळाच्या तुकड्यातून येतं ते तेच झाड, आणि मला तेच हवं होतं.

खड्ड्यातून मी बोटाएवढी जाड मुळं निवडली. मुळाला वर-खाली असतं. बुंध्याकडचं टोक वर ठेवायचं, कारण फूट तिथूनच येते. पण तोडल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसतात, म्हणून खूण ठेवतात: बुंध्याकडे सरळ काप, खालच्या टोकाला तिरपा. तसे तुकडे केले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि यांच्या हवाली केले. "आजच्या आज घरी नेऊन वाळूत उभे लावा," एवढं बजावून मी अक्काजवळ राहिले.

परत आले तर गच्चीवर कुंड्यांत तुकडे लावून, वर वाळू पसरून, पाणी देऊन सगळं झालेलं. मी कौतुकानं यांना आल्याचा चहा करून दिला.

ऊन तापलं, वाळू ओली ठेवून माझा जीव मेटाकुटीला आला, पण फूट काही दिसेना. दर रविवारी चर्च सुटलं की अक्काचा फोन.

"फुटलं का गं?"

"येईल अक्का. कवठ सावकाश असतं."

पुढं पुढं मला त्या फोनची धास्तीच बसली. शेवटी एका रविवारी ठरवलं, एक तुकडा उकरून बघायचा. कुजला असेल तर आज खरं सांगून मोकळं व्हायचं.

बोटानं वाळू सारली, तर वरच्या टोकाला तिरपा काप. शेजारचा पाहिला, तोही तसाच. सगळेच तसे. माझं डोकंच फिरलं.

"अहो! आधी वर या! सगळी मुळं डोक्यावर उभी केलीत तुम्ही!"

हे दाढी अर्धवट टाकून, गालाला साबण तसाच ठेवून आले. "तिरपा काप वरच असतो. पाणी निथळतं त्यानं. द्राक्षाच्या काड्या जन्मभर तशाच लावल्या मी."

"ही काडी न्हाई, मूळ हाय!" संतापले की मला माहेरची बोली येते. "एक फोन करायला काय झालं हुतं?"

"त्यात इचारायचं काय?" यांनीही माझ्याच बोलीत सुनावलं.

आता अक्काला काय तोंड दाखवायचं? तुकडा हलकेच मोकळा केला. आणि तळाच्या, सरळ कापलेल्या टोकाला पांढरा कोंब होता. अंधारात फुटलेला, मुळाला वळसा घालून वर निघालेला, वाळूबाहेर यायला नखभर उरलेला. बाकीच्या बहुतेक तुकड्यांचंही तेच. मी तिथंच बसले आणि रडले. सुटले एकदाची, असं वाटलं.

हे शेजारी टेकले. "लई लांबून यावं लागलं बिचाऱ्याला," म्हणाले. माफी मागायची ही त्यांची रीत. तो पहिला तुकडा पुन्हा तसाच उलटा लावून बाकीचे आम्ही दोघांनी मिळून उथळ, आडवे लावले. तेवढ्यात फोन वाजला.

"अक्का, फुटलं गं," मी म्हणाले. "नाताळाला येते बघाया," ती म्हणाली.

नाताळात अक्का आली. त्याच पहिल्या, उलट्या तुकड्याच्या कुंडीतलं एक पान तिनं बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. कवठाच्या पानाला बडीशेपेचा वास असतो.

"आपलंच हाय गं," ती म्हणाली. मग खोडाकडं बघून, "पन हे असं वाकडं का?"

मी यांच्याकडं पाहिलं.

"मुद्दाम केलंय मी," हे म्हणाले. "बोन्सायला असंच लागतं."

अक्का बोटं पुन्हा पुन्हा हुंगत होती, म्हणून मी ते खपवून घेतलं.