बरगड्यांवरची पकड

मी न्हावी. उजवा हात गेल्यापासून दुकानात नुसता बसतो आणि तोंड चालवतो, कारण तेवढंच चालतं.

अपघातात माझ्या खांद्याजवळच्या नसा तुटल्या. मोटरसायकलवर मागे बसलेला धाकटा भाऊ जागीच गेला. डॉक्टरांनी माझ्या बरगड्यांमधल्या नसा काढून दंडाला जोडल्या. आता छाती भरून श्वास घेतला की कोपर वाकायला हवं, असं थेरपीवाल्या बाईंनी समजावलं. मी म्हटलं, मग मी शिंकलो की गिऱ्हाइकाचा कान गेलाच समजा. त्या हसल्या नाहीत. लवकर हालचाल आली नाही तर दंडाचा स्नायू कायमचा वाळेल, म्हणाल्या.

हात सहज सरकावा म्हणून रोज त्या टेबलावर पावडर टाकून त्यावर माझा हात ठेवायच्या. हात ढिम्म. तुम्ही श्वास चोरता, असं त्या वैतागून म्हणायच्या. चोरतच होतो. छाती भरली की धाकट्याचे हात बरगड्यांभोवती आवळायचे. धडक बसताना त्यानं मला मागून घट्ट धरलं होतं, ती पकड अजून सुटली नव्हती. जेवताना, खोकताना, कुणाशी थट्टा करतानासुद्धा तो मागे असायचा. मला त्या हातांची भीती वाटायची, आणि ते सुटतील याची त्याहून जास्त. सांगणार कुणाला? आईनं तर घरात त्याचा विषयच बंद करून टाकला होता.

एके दिवशी बाईंनी सोबत आलेल्या आईला माझ्या मागे बसवलं. बरगड्या दोन्ही हातांनी दाबून धरा, म्हणजे यांना श्वासाला जोर लावावा लागेल, असं सांगितलं. आईनं धरलं ते नेमकं तिथंच.

"आई, सोड."

"का? दुखतंय?"

"त्यानं इथंच धरलं होतं मला."

आईनं हात काढले नाहीत. तिनं विचारलं, "किती घट्ट?"

"याहून घट्ट."

तिनं आवळलं. मला पोटातून हुंदका आला, छाती भरली आणि पावडरीवरून माझा हात बोटभर माझ्याकडे सरकला. पुढच्या हुंदक्याला आणखी थोडा. बाई म्हणाल्या, हात बघा, अहो, हात बघा.

मी बघत होतो. आई बघत नव्हती. माझ्या पाठीला कपाळ टेकवून ती विचारत होती, "एवढं?"