रविवारचे शून्य

पाऊस रविवारी सुट्टी घेतो, हे सिद्ध करण्यात माझी तीन वर्षं गेली. आमच्या जिल्ह्यातल्या नऊ केंद्रांचे रोजचे आकडे मी पिंजून काढले होते. रविवारी पाऊस कमी, सोमवारी जास्त. कारखाने बंद, धूर कमी, म्हणून ढगही थंड. सोमवारचं गणित बसत नव्हतं, ते मी ओढूनताणून बसवलं. शुक्रवारी निबंध पाठवायचा होता आणि माझी डॉक्टरेट त्याच्यावरच उभी होती.

तेवढ्यात सरांनी खोड काढली. म्हणाले, हा फरक एकाच केंद्रातून येतोय, बाकी आठ ठिकाणी मागमूस नाही. ते केंद्र माझ्या बाबांचं. शाळेच्या आवारातला पर्जन्यमापक त्यांनी रोज सकाळी साडेआठला एकतीस वर्षं मोजला. बाबांची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मी सरांना ठणकावून सांगितलं, आणि केवळ त्यांच्या समाधानासाठी घरी जाऊन विचारलं.

बाबा शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "रविवारी नाही जायचो. पाणी काय पळून जातंय? सोमवारी दोन्ही दिवसांचं एकदम मोजायचो."

"मग रविवारी शून्य का लिहिलंत?"

"रकाना रिकामा दिसला की वरून पत्र यायचं."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे तीन वर्षं मी पावसाचा नव्हे, बाबांच्या दांड्यांचा अभ्यास केला होता. जे तोंडाला आलं ते मी बाबांना बोलले. आईने पंखा वाढवला.

"असं कोणतं मोठं काम असायचं रविवारी?"

"तुझी पोहण्याची बॅच साडेआठची होती," बाबा म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

मी रागारागाने लॅपटॉप उघडला. इतके दिवस सगळ्या वर्षांची सरासरी काढत बसले होते. आता पहिल्यांदा एकेक वर्ष वेगळं पाहिलं. रविवारची शून्यं मी सात वर्षांची झाले तेव्हा सुरू झाली होती. मी शिकायला बाहेर गेले त्या वर्षी थांबली होती. मधली अकरा वर्षं एकही रविवार ओला नव्हता.

निबंध बुडाला. सरांना तसं कळवलं. मग आकड्यांच्या फाइलमधले ते रविवार एकेक करून बाद करत बसले. प्रत्येकापुढे कारण लिहावं लागतं. नियमाप्रमाणे 'निरीक्षक गैरहजर' लिहायचं.

राग अजून गेला नव्हता. तरी मी लिहिलं, 'निरीक्षक मुलीला पोहायला घेऊन गेले आहेत.'